संगणकीय तक्त्यांची फाईल दुसऱ्या आज्ञावलीत उघडताना : औषधालयातील नोंदींच्या दृष्टीने विचार

औषधसाठा, बॅचनोंद, देयके, रुग्णपत्रिकांचा गोषवारा ही सर्व कामे आज बहुसंख्य चिकित्सालयांत व औषधालयांत स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे संगणकीय तक्त्यांत होत असतात. हा तक्ता एकाच संगणकावर राहिला तर प्रश्न फारसे उद्भवत नाहीत. परंतु तो तसा राहत नाही. साठ्याची यादी करसल्लागाराकडे जाते, वेष्टनाचा मजकूर छपाई करणाऱ्याकडे जातो, रुग्णांच्या नोंदी पदव्युत्तर प्रबंधासाठी विद्यार्थ्याच्या हाती पडतात. औषधालयात मायक्रोसॉफ्ट एक्सेल असते, विद्यार्थ्याकडे लिबरऑफिस कॅल्क असते, आणि एखादा सहकारी तीच फाईल भ्रमणध्वनीवर गुगल शीट्समध्ये उघडतो. फाईल उघडते, तक्ता दिसतो, आणि सर्व ठीक आहे असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हे गृहीतकच आहे. उघडलेला तक्ता आणि मूळ तक्ता यांत जो फरक पडतो तो अनेकदा डोळ्यांस दिसत नाही, आणि औषधांच्या बाबतीत न दिसणारा फरक मात्रेत किंवा मुदतीत असू शकतो.

फाईलचे प्रकार

एक्सेलच्या जुन्या फाईलीच्या नावापुढे 'एक्सएलएस' असे असे. ही बांधणी मायक्रोसॉफ्टची खाजगी होती व ती इतरांना दीर्घकाळ अंदाजानेच वाचावी लागली. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीपासून 'एक्सएलएसएक्स' ही नवी बांधणी आली व २००८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याआधीच, २००६ मध्ये, ओपनडॉक्युमेंट या मुक्त बांधणीस असा दर्जा मिळालेला होता. तिच्यातील तक्त्याच्या फाईलीस 'ओडीएस' म्हणतात. ओपनऑफिस आणि त्यातून २०१० मध्ये वेगळे झालेले लिबरऑफिस यांची ही स्वतःची बांधणी होय. आज या आज्ञावल्या एकमेकींच्या फाईली उघडतात व जतनही करतात. पण उघडताना प्रत्येक आज्ञावली त्या फाईलचा स्वतःच्या समजुतीनुसार अनुवाद करीत असते, आणि जतन करताना पुन्हा उलट अनुवाद होतो.

चौथा प्रकार 'सीएसव्ही'. ही खरे तर तक्त्याची फाईलच नव्हे. ती साधा मजकूर आहे: एकेक ओळ, आणि ओळीतील कप्प्यांमध्ये स्वल्पविराम. कोणत्या कप्प्यात तारीख आहे, कोणत्यात संख्या, कोणत्यात अक्षरे, याची काहीही माहिती तीत नसते. बिलिंगच्या आज्ञावल्या, प्रयोगशाळांचे अहवाल, सरकारी संकेतस्थळे बहुधा याच रूपात माहिती देतात, कारण ती सर्वांना वाचता येते. वाचणाऱ्या आज्ञावलीने अर्थ स्वतः लावावा, अशी या फाईलची रीत असल्यामुळे आपल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक येथेच जन्म घेतात.

नावावरून प्रकार ओळखता येतो असेही नाही. रास्ना म्हणून एका प्रांतात एक वनस्पती मिळते आणि दुसऱ्या प्रांतात दुसरीच, हे वैद्यांना सांगावयास नको. तसेच काही आज्ञावल्या 'एक्सएलएस' असे नाव देऊन आत वेबपृष्ठाचा किंवा साधा मजकूर भरून देतात. एक्सेल अशी फाईल उघडताना 'बांधणी व नाव जुळत नाही' अशा अर्थाची सूचना दाखविते. ती सूचना पुसून पुढे जाण्याची सवय पडली आहे. निदान फाईल एकदा खऱ्या 'एक्सएलएसएक्स' बांधणीत जतन करून मगच पुढे पाठवावी.

मात्रा आणि तारीख

सर्वांत घातक गोंधळ येथे आहे, म्हणून याचा विस्ताराने विचार करू.

तक्त्याच्या आज्ञावलीत तारीख ही तारीख म्हणून साठविलेली नसते. ती एक क्रमांक असते. एक्सेलच्या नेहमीच्या पद्धतीत १ जानेवारी १९०० हा दिवस १ धरून पुढील दिवस मोजले जातात. १ जानेवारी २००१ चा क्रमांक ३६८९२ येतो. आपल्याला दिसते ते त्या क्रमांकावर चढविलेले तारखेचे वेष्टन. आणि एखादी गोष्ट तारखेसारखी दिसली की एक्सेल तिला न विचारता तारीख करून टाकते.

आता आपली मात्रालेखनाची पद्धत पाहा. सकाळ-दुपार-रात्र एकेक गोळी असेल तर आपण '१-१-१' लिहितो. एक्सेलमध्ये हे इंग्रजी अंकांत टाइप केले, किंवा असा मजकूर असलेली सीएसव्ही फाईल सरळ उघडली, तर त्या कप्प्यात १ जानेवारी २००१ ही तारीख बसते. '२-२-२' ची २ फेब्रुवारी २००२ होते. मात्र '१-०-१' तसेच राहते, कारण शून्य क्रमांकाचा महिना नसतो. याचा परिणाम विचित्र होतो. ज्या रुग्णांना दोन वेळा औषध दिले त्यांच्या नोंदी शाबूत राहतात, आणि ज्यांना तीन वेळा दिले त्यांच्याच तेवढ्या बिघडतात. पुढे कोणी त्या स्तंभाचे अक्षरांत रूपांतर केले तर मात्रेच्या जागी ३६८९२ ही संख्या उरते. प्रबंधासाठी दोन-तीनशे रुग्णांच्या नोंदी गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने अशा ओळी 'अपूर्ण नोंद' म्हणून गाळल्या तर त्याचा निष्कर्षच एका बाजूला कलेल, आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

अर्ध्या गोळीसाठी '१/२' लिहिण्याची पद्धत याहून अवघड आहे. भारतीय मांडणीच्या संगणकावर ती १ फेब्रुवारी होते, आणि अमेरिकी मांडणी असलेल्या संगणकावर २ जानेवारी. पाव गोळीचेही तसेच. दुसरी आज्ञावली तोच मजकूर जसाच्या तसा ठेवू शकते. म्हणजे एकाच फाईलचे दोन ठिकाणी दोन अर्थ.

यावर उपाय साधा आहे आणि तो नोंद घेतानाच करावयाचा आहे. मात्रेसाठी एक स्तंभ न ठेवता सकाळ, दुपार, रात्र असे तीन स्तंभ ठेवावेत व त्यांत केवळ संख्या लिहावी, अर्ध्यासाठी ०.५. पुढे बेरीज व सरासरी काढण्यासही हीच रचना सोयीची पडते. अनुपान व औषधकाल यांस स्वतंत्र स्तंभ द्यावा.

मुदतीच्या तारखांकडे वळू. आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष असा क्रम, अमेरिकेत महिना-दिवस-वर्ष. नवा संगणक घेतला की त्याची मांडणी अनेकदा अमेरिकी असते व ती कोणी बदलत नाही. समजा, सीएसव्ही यादीत एका चूर्णाची मुदत ११/०५/२०२६ लिहिली आहे, म्हणजे ११ मे. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर ती ५ नोव्हेंबर होईल, आणि मुदत संपलेले चूर्ण आणखी सहा महिने 'चालू' साठ्यात दिसेल. त्याच यादीतील २५/०५/२०२६ ही तारीख मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे तारीख न होता अक्षरे म्हणून तशीच राहील. त्यामुळे स्तंभात काही खऱ्या तारखा, काही उलटलेल्या तारखा व काही नुसती अक्षरे अशी खिचडी होते. ओळखण्याची खूण अशी की आज्ञावली तारीख व संख्या कप्प्याच्या उजव्या कडेस आणि अक्षरे डाव्या कडेस लावते. कोणी मुद्दाम मांडणी बदललेली नसेल तर मुदतीच्या स्तंभात काही नोंदी डावीकडे व काही उजवीकडे दिसल्या की थांबावे. उजवीकडच्या तारखांवर विश्वास ठेवू नये.

वेष्टनावर मुदत महिना व वर्ष एवढीच छापलेली असते आणि तीच आपण उतरवून घेतो. इंग्रजीत 'मार्च-२७' असे टाइप केले असता एक्सेल त्याचा अर्थ २७ मार्च, चालू वर्ष, असा लावू शकते. म्हणजे येथे चूक उलट दिशेने होते व चांगले औषध मुदतबाह्य ठरते. वर्षाचे दोन अंक ३१ च्या पुढे गेले की ते दिवस मानता येत नाहीत आणि वर्षच मानले जाते. पण मग शतकाचा प्रश्न उभा राहतो. एक्सेलची रूढ सीमारेषा अशी आहे की २९ पर्यंतचे दोन अंकी वर्ष एकविसाव्या शतकातील आणि ३० पासून पुढचे विसाव्या शतकातील. ही रेषा संगणकाच्या मांडणीनुसार बदलते, त्यामुळे दोन संगणकांवर दोन उत्तरे मिळू शकतात. आसवारिष्टांसारख्या कल्पांची मुदत दीर्घ असल्याने आपल्या व्यवसायात २०३० नंतरच्या तारखा आजच लिहाव्या लागतात. ३४ साल लिहिलेल्या अरिष्टाची मुदत १९३४ मध्येच संपली असे यादी सांगू लागली तर निदान चूक लक्षात तरी येईल. परंतु मुदत संपलेल्या औषधांची संख्या मोजणारे सूत्र ती मुकाट्याने मोजून मोकळे होईल.

म्हणून मुदतीच्या स्तंभात महिन्याची अखेरची तारीख आणि चार अंकी वर्ष लिहावे, तेही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: २०२७-०३-३१. हा आंतरराष्ट्रीय क्रम असून तो कोणत्याही मांडणीत उलटत नाही.

मॅक संगणक वापरणाऱ्यांसाठी एक टीप. मॅकवरील जुन्या एक्सेलमध्ये दिवसांची मोजणी १९०४ पासून होत असे. पूर्ण फाईल उघडली तर अडचण नाही, कारण मोजणीची पद्धत फाईलमध्ये नोंदलेली असते. परंतु अशा फाईलीतील तारखा उचलून नेहमीच्या फाईलीत चिकटविल्या तर त्या १४६२ दिवस, म्हणजे चार वर्षे व एक दिवस, मागे जातात. १० जून २०२६ ची ९ जून २०२२ होते.

संख्येसारखे दिसणारे क्रमांक

मध, हळद, सुंठ, मिरी, वेलदोडा ही आपल्या भांडारातील नित्याची द्रव्ये. जीएसटीसाठी लागणारे त्यांचे एचएसएन क्रमांक शून्याने सुरू होतात: मध ०४०९, मिरी ०९०४, वेलदोडा ०९०८, सुंठ व हळद ०९१०. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये सरळ उघडली की या क्रमांकांतील आद्य शून्य गळते व ४०९, ९०४, ९१० उरते, कारण संख्येपुढील शून्यास अर्थ नसतो. सिद्ध औषधांचे ३००३ व ३००४ हे क्रमांक मात्र सुरक्षित राहतात, म्हणून यादी वरवर पाहणाऱ्यास दोष दिसत नाही. शून्याने सुरू होणारे बॅच क्रमांकही असेच तोकडे होतात.

बॅच क्रमांकात अंकांच्या मध्ये इंग्रजी 'ई' अक्षर असेल तर आणखी एक प्रकार घडतो. काही ठिकाणी महिन्यासाठी ए, बी, सी या क्रमाने अक्षर देतात व मे महिन्यास 'ई' येते. '१२ई३' हा बॅच क्रमांक आज्ञावली बारा गुणिले दहाचा तिसरा घात, म्हणजे १२००० असा वाचते. तक्रार आल्यावर बॅच परत मागविण्याची वेळ आली तर त्या नावाची बॅच यादीत सापडणारच नाही. नव्याने बॅच पद्धत आखणाऱ्या रसशाळांनी 'ई' हे अक्षर वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारकोडचे तेरा अंक एक्सेल '८.९०१२३ई+१२' अशा संक्षिप्त रूपात दाखविते. तोवर मूळ संख्या आत शाबूत असते. पण त्या अवस्थेत फाईल सीएसव्ही म्हणून जतन केली की जे दिसते तेच लिहिले जाते आणि उरलेले अंक कायमचे जातात. 'आभा' क्रमांक व अन्न परवाना क्रमांक चौदा अंकी असतात. त्यांनाही हाच धोका. पंधरा अंकांपेक्षा लांब संख्या तर एक्सेलमध्ये मुळातच राहत नाही, सोळाव्या अंकाच्या जागी शून्य येते. लांब बँकखाते क्रमांक यात सापडतात.

ज्या क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधीच करावयाची नाही तो अक्षरेच समजावा, हा नियम ध्यानात ठेवावा. नोंद सुरू करण्यापूर्वी त्या स्तंभाचा प्रकार 'टेक्स्ट' करावा. आधी क्रमांक लिहून मग प्रकार बदलल्याने गेलेला शून्य परत येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ही आपोआप होणारी रूपांतरे बंद ठेवण्याची सोय दिली आहे. जुन्या आवृत्त्यांत ती नाही. हा त्रास केवळ आपलाच नाही. जनुकांची काही नावे एक्सेलमध्ये तारखा होतात म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशी नावेच बदलली. आज्ञावली बदलेना म्हणून शास्त्राने आपली परिभाषा बदलावी, हे काहीसे विलक्षणच.

मराठी अक्षरे

जुन्या औषधालयांत २००० च्या आसपास केलेल्या याद्या बहुधा श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत आहेत. या फाईलींत देवनागरी अक्षरे नसतातच. तेथे रोमन अक्षरांचे व चिन्हांचे क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवितो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आज्ञावली दुसरा फॉन्ट प्रतिनिधी म्हणून घेते. अभावी प्रतिनिधी द्रव्य घ्यावे हे शास्त्रसंमत आहे, पण प्रतिनिधी समान गुणांचे हवे. येथे प्रतिनिधी फॉन्टात ते गुण नसल्याने 'अश्वगंधा'च्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची ओळ दिसते. फाईल बिघडलेली नसते. मूळ फॉन्ट मिळाला की अक्षरे परत येतात. म्हणून अशी फाईल टाकून देऊ नये, आणि जुन्या संगणकातील फॉन्टही पुसून टाकू नये.

या याद्या युनिकोडमध्ये आणणे हाच कायमचा उपाय होय. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत, परंतु त्यांच्यावर पूर्ण विसंबू नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होत असे आणि रफार नंतर. रूपांतरात हे दोन्ही व जोडाक्षरे चुकतात. द्रव्यनामांची यादी माणसाने एकदा वाचलीच पाहिजे.

युनिकोडमध्येही मराठीची एक खास अडचण आहे. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र देऊन ते लिहीत असत, व आजही काही कळफलकांवरून तसेच उमटते. दोन्ही दिसतात एकसारखी, पण संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. रुग्णनोंदींत 'ॲसिडिटी' शोधले असता अर्धेच रुग्ण सापडतात. 'ऱ्य' हे जोडाक्षरही दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. रोग व द्रव्य यांची नावे प्रत्येकाने आपापल्या परीने टाइप न करता एका ठरीव यादीतून निवडावीत, म्हणजे हा भेद उरत नाही.

सीएसव्हीमधून मराठी नेताना दोन विकृती होतात आणि त्यांतील फरक ओळखणे अत्यंत आवश्यक आहे. पहिलीत प्रत्येक अक्षराच्या जागी उच्चारचिन्हे लावलेली तीन-तीन परकी अक्षरे दिसतात. फाईल युटीएफ-८ पद्धतीची आहे व आज्ञावलीने ती दुसऱ्या पद्धतीने वाचली, एवढाच त्याचा अर्थ. ही विकृती साध्य आहे. फाईल जतन न करता बंद करावी आणि योग्य पद्धत निवडून पुन्हा उघडावी. दुसरीत अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतात. एक्सेलमधून साध्या 'सीएसव्ही' प्रकारात मराठी मजकूर जतन केला की असे होते. ही असाध्य आहे. प्रश्नचिन्हांमागे काहीच उरलेले नसते. एक्सेलच्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत 'सीएसव्ही युटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे, तोच घ्यावा.

ओळींची मर्यादा

जुन्या 'एक्सएलएस' फाईलीत ६५,५३६ ओळी व २५६ स्तंभ मावतात. नव्या बांधणीत १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ स्तंभ. लिबरऑफिसमध्ये ओळी तेवढ्याच असल्या तरी २०२२ च्या ७.४ आवृत्तीपर्यंत स्तंभ १०२४ च होते. आपल्या कामात एवढ्या ओळी कशाला लागतात, असे वाटेल. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागालाही तसेच वाटले असावे. कोविडच्या काळात प्रयोगशाळांकडून येणारे सीएसव्ही अहवाल तेथे जुन्या एक्सएलएस तक्त्यांत भरले जात. एका रुग्णास अनेक ओळी लागत असल्यामुळे एका तक्त्यात सुमारे १४०० रुग्णच मावत आणि उरलेले गळत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद अशा रीतीने राहून गेली. रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले होते. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तितके दिवस लांबला. आपल्या औषधालयातील दहा वर्षांची बिले एकत्र केली तर प्रत्येक औषधास एक ओळ या हिशेबाने पासष्ट हजार ही संख्या फार दूर नाही.

सूत्रे व मॅक्रो

बेरीज, सरासरी, टक्केवारी ही सूत्रे सर्वत्र सारखीच चालतात. नवी सूत्रे अडतात. 'एक्सलुकअप' हे सूत्र २०१९ च्या जुन्या प्रतींत नाही व लिबरऑफिसमध्ये ते २०२४ च्या २४.८ आवृत्तीत आले. जुन्या आज्ञावलीत फाईल उघडताच शेवटचे उत्तर दिसत राहते, आणि एखादा आकडा बदलल्यावर त्रुटी येते. म्हणून दुसरीकडे उघडल्यावर सर्व सूत्रे नव्याने मोजून घ्यावीत. एक्सेलमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ९, लिबरऑफिसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ९. इतरांस द्यावयाच्या फाईलीत 'व्हीलुकअप' हे जुने सूत्र पुरेसे आहे. मॅक्रो गुगल शीट्समध्ये चालत नाहीत, लिबरऑफिसमध्ये काही चालतात, आणि बाहेरून आलेल्या फाईलीतील मॅक्रो २०२२ पासून एक्सेलही रोखते. घटकद्रव्यांचे प्रमाण मॅक्रोने काढणाऱ्या रसशाळांनी तो हिशेब साध्या सूत्रांत आणावा.

फाईल देताना व घेताना

पाहण्यापुरतीच द्यावयाची असेल तर पीडीएफ द्यावी. काम करण्यासाठी द्यावयाची असेल तर 'एक्सएलएसएक्स' द्यावी. सीएसव्ही मागितल्याशिवाय देऊ नये. आलेली सीएसव्ही फाईल दोनदा टिचकी मारून उघडू नये. एक्सेलमध्ये 'डेटा' विभागातून मजकूर आयात करण्याचा मार्ग घ्यावा, युटीएफ-८ निवडावे, आणि बॅच, एचएसएन, बारकोड, मात्रा हे स्तंभ 'टेक्स्ट' म्हणून घ्यावेत. लिबरऑफिस हीच विचारणा उघडतानाच करते. ती वाचून उत्तर द्यावे, घाईने 'ओके' म्हणू नये.

पाठविण्यापूर्वी ओळींची एकूण संख्या, साठ्याची एकूण बेरीज आणि सर्वांत जवळची व सर्वांत दूरची मुदत अशा चार गोष्टी निरोपात लिहून पाठवाव्यात. घेणाऱ्याने फाईल उघडल्याबरोबर त्या ताडून पाहाव्यात. त्यांपैकी एक जरी जुळली नाही तरी फाईल जतन न करता बंद करावी आणि मूळ प्रत पुन्हा मागवावी. मूळ प्रतीस हात लावू नये. काम तिच्या नकलेवर करावे व नकलेच्या नावात त्या दिवसाची तारीख घालावी, तीही वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, म्हणजे नकला आपोआप कालक्रमाने लागतात.